कललेलं क्षितिज

विमानतळावर सगळे तिला कप्तानबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि पुढे पुढे तर तिचं खरं नाव कुणाला चटकन आठवतही नसे. एका छोट्या कंपनीचं एका इंजिनाचं विमान ती चालवायची. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांची खोकी, कधी एखादा पेशंट, कधी कोर्टाची तारीख गाठायला निघालेला घामाघूम वकील. जे येईल ते उचलायचं आणि डोंगर ओलांडून पलीकडे नेऊन ठेवायचं, हे तिचं काम. ते तिला आवडायचं आणि जमायचंही.

तिच्या सासूबाई मात्र त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. सासूसुनेचं भांडण होतं असं मुळीच नाही. दोघींचं चांगलं चाले. पण विमानाचा विषय निघाला की सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणत, "जमिनीवर काय कमी कामं पडली आहेत?" आणि विषय तिथेच मिटे.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर खुंट्याखुंट्यांचा बोर्ड, आणि दिवसभर लोकांचे ट्रंककॉल जोडून द्यायचे. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, कुणाचं लग्न मोडलेलं, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. पण आवाज कधी चढला नाही की कापला नाही. तीन मिनिटं झाली की घड्याळाकडे न बघता त्या मध्ये बोलत, "तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?" आणि खरंच तीन मिनिटंच झालेली असत. निवृत्त झाल्यावरही हे घड्याळ त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. घरात अंडी उकडायची असली की त्याच अंदाज घेत, आणि अंडं कधी कच्चं राहिलं नाही.

अशा बाईला चक्कर यायला लागली. साधीसुधी नाही. कूस बदलली की अख्खी खोली भोवऱ्यासारखी गरगरायची. जिना उतरताना भिंत धरावी लागे. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्या एकदम ओटा घट्ट पकडत आणि म्हणत, "थांब, घर जरा थांबू दे." नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं नुसती झोप आली. शेवटी डोंगरापलीकडच्या शहरातल्या कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. रस्त्यानं जायचं तर दिवसभर नागमोडी वळणं. धडधाकट माणूससुद्धा त्या बसमधून पिवळा पडून उतरतो.

"मग तुझं विमान आहे की," कप्तानबाईंचा नवरा म्हणाला. तो फ्रीज दुरुस्त करायचा आणि बोलायचाही तसाच, थेट.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हळू चालव म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

जाताना काहीच घडलं नाही. सासूबाई डोळे गच्च मिटून, पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या आणि उतरल्यावर "झालं?" एवढंच म्हणाल्या. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की कानाच्या आत बारीक नळ्यांची तीन वेटोळी असतात आणि त्यात पाणी असतं. डोकं वळलं की ते पाणी जरा मागे राहतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. "तुमच्या वेटोळ्यात दोनचार कण भलतीकडे जाऊन पडलेत, बाकी काही नाही." त्यानं त्यांचं डोकं हातात धरून अमुक बाजूला झुकव, तमुक बाजूला वळव असं केलं, रक्त तपासायला दिलं, आणि निघताना बजावलं, "काही दिवसांत बरं वाटेल. गाडीत बसलात की डोळे मिटायचे नाहीत. एखादी स्थिर वस्तू बघायची आणि तिच्यावरच नजर ठेवायची."

परतीच्या वाटेवर शहरावर लख्ख ऊन होतं. उत्तरेला, घराच्या बाजूला, डोंगरांवर ढग बसले होते. पण ढगातून जाणं कप्तानबाईंच्या रोजच्या कामातलंच होतं. त्यांनी हवामान विचारलं, डोंगरमाथ्यांच्या पुरेशी वरची उंची ठरवली आणि निघाल्या.

या वेळी सासूबाई शेजारच्या सीटवर डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. कानाला हेडफोन चढवला आणि त्या एकदम वेगळ्याच बाई झाल्या. एका बोटानं माइक ओठांपाशी आणला, पाठ सरळ झाली. "आवाज स्पष्ट येतोय," त्या अशा काही सुरात म्हणाल्या की कप्तानबाईंना हसू आलं.

"आई, आता लांबवर एखादी वस्तू बघा. ते डोंगराचं टोक बघा."

"टोक ढगात गेलं."

"मग हे बघा." कप्तानबाईंनी समोरच्या काचेच्या मधोमध बसवलेल्या छोट्या डबीकडे बोट केलं. आत पातळ तेलासारख्या द्रवात आकड्यांची एक चकती तरंगत होती. "होकायंत्र. आत चुंबक आहे. याला वीज नको, पंप नको, काही नको. विमानातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात साधं."

"हे बरं आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्या डबीवर नजर रोवून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि ती तुझ्यासमोरची तबकडी? निळी आणि तपकिरी?"

"ते कृत्रिम क्षितिज. निळं म्हणजे आकाश, तपकिरी म्हणजे जमीन. ढगात बाहेरचं काही दिसत नाही ना, तेव्हा जमीन कुठे आणि आकाश कुठे हे त्यावर कळतं."

"त्या डब्याला कसं कळतं?"

"आत एक चाक असतं, जायरो म्हणतात. ते इतक्या जोरात फिरतं की एकदा उभं राहिलं की आपली जागा सोडत नाही. विमान डावीकडे कलू दे, उजवीकडे कलू दे, चाक आहे तसंच. त्याच्याभोवती विमानच हलतं. म्हणून किती कललो ते दिसतं."

"म्हणजे सगळं घर इकडचं तिकडे झालं तरी आपलं म्हणणं न सोडणारं."

"अगदी तसंच."

"आपल्याकडे होते असे एक."

"बाबा?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

पुढे कप्तानबाईंनी आपण होऊनच सांगितलं की शेजारच्या तबकडीतही असंच एक चाक आहे. ती दिशा दाखवते, पण हळूहळू भरकटते, म्हणून अधूनमधून होकायंत्राकडे बघून तिला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. ही दोन्ही चाकं हवेवर फिरतात. इंजिनावर एक पंप असतो, तो हवा ओढतो, आणि ती हवा चाकाच्या पात्यांवर आदळत राहते. सासूबाई "हं, हं" करत ऐकत होत्या. सून आपल्या कामाबद्दल याआधी इतकं बोलली नव्हती आणि त्यांनीही इतकं कधी विचारलं नव्हतं. एवढ्यात विमान ढगात शिरलं. खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या, जणू कुणी बाहेरून चादर टाकली.

नेमकं केव्हा बिघडलं ते कप्तानबाईंना नंतरही सांगता आलं नाही. खट झालं नाही, धूर आला नाही, दिवा लागला नाही. क्षितिजाची रेघ जराशी कलली, विमान डावीकडे झुकल्याचं दाखवू लागली. ढगात वारा असतो, विमान कलतं, त्यात नवल ते काय? त्यांनी सुकाणू जरासं उजवीकडे नेलं. रेघ सरळ झाली. थोड्या वेळानं पुन्हा कलली. पुन्हा उजवीकडे. हात आपोआप काम करत होते आणि डोक्यात घरी जाऊन काय रांधायचं याचा विचार चालू होता. अंगाला काहीच जाणवत नव्हतं. खुर्चीत बसल्यासारखं सगळं स्थिर.

"अगं," हेडफोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "आपण वळतोय का?"

"नाही आई, सरळ आहोत."

"मग हा डबीतला का फिरायला लागला?"

कप्तानबाईंनी मान वर केली. होकायंत्राची चकती सरकत होती. दिशेची तबकडी मात्र सांगत होती की आपण नाकासमोर उत्तरेला चाललो आहोत. आणि आता त्यांच्या लक्षात आलं की वाऱ्याची घरघर चढली आहे. वेगाचा काटा पुढे गेला होता. उंचीचा काटा मागे येत होता. खालच्या कोपऱ्यात वळणदर्शक होता, त्यातलं पांढरं इवलंसं विमान उजव्या पंखावर चांगलंच ओणवं झालेलं. क्षितिज म्हणत होतं सरळ आहोत, आणि हा म्हणत होता की वळतोय, चांगलंच वळतोय.

त्यांनी पॅनेलच्या टोकाला असलेल्या त्या एका काट्याकडे पाहिलं, ज्याच्याकडे रोज निघताना बघायचं आणि मग विसरून जायचं. पंपाची ओढ दाखवणारा काटा शून्यावर आडवा पडला होता.

पंप गेला होता. हवा थांबली होती आणि दोन्ही चाकं मंदावत होती. थांबायला आलेला भोवरा झोकांड्या खातो, तशी ती आत झोकांड्या खात होती, आणि त्या झोकांड्या क्षितिज म्हणून दाखवत होती. एकदम बंद पडली असती तर बरं झालं असतं. ही हळूहळू खोटं बोलत होती, आणि कप्तानबाई त्या खोट्याप्रमाणे विमान वाकडं करत चालल्या होत्या.

वळणदर्शक विजेवर चालतो, त्याचा पंपाशी संबंध नाही. त्यांनी नजर त्याच्यावर ठेवली, इंजिनाचा जोर कमी केला आणि सुकाणू डावीकडे नेलं. पांढरं विमान सरळ झालं. वाऱ्याचा आवाज उतरला. उंचीचा काटा थांबला. होकायंत्र बघत त्यांनी नाक हळूहळू पुन्हा उत्तरेला आणलं. हरवलेली उंचीही परत मिळवली, कारण खाली कुठेतरी डोंगर होते आणि ते ढगातून दिसणार नव्हते.

आणि मग दुसरंच सुरू झालं. सगळे काटे म्हणत होते सरळ आहोत, पण त्यांचं अंग ओरडून सांगत होतं की आपण डावीकडे पडतोय. खांदा, मान, पोट, सगळं. हात आपोआप उजवीकडे जायला बघत होते. आणि समोरचं ते कललेलं क्षितिज अंगाच्याच बाजूनं साक्ष देत होतं. एवढी वर्षं उडवूनसुद्धा त्यांना असं कधी झालं नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या, "विमान कललंय का हो? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतेस? माझा कान तर किती महिने खोटंच बोलतोय." मग त्यांचा तो जुना आवाज आला, ज्या आवाजात त्यांनी कितीतरी घाबरलेल्या माणसांना "थांबा, लाइन जोडते" म्हटलं असेल. "काय बिघडलंय ते सांग."

"ही दोन चाकं बंद पडली. खोटं दाखवताहेत. बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिथेच जाते."

"मग झाकून टाकू."

कप्तानबाई काही बोलायच्या आत सासूबाईंनी पर्स उघडली, औषधाचं कागदी पाकीट रिकामं करून उभं फाडलं, रक्त काढल्यावर कोपराजवळ लावलेली चिकटपट्टी स्स्स करत ओढून काढली, ती दातांनी मधोमध तोडली, आणि निळी-तपकिरी तबकडी व तिची शेजारीण दोन्ही बुजवून टाकल्या. एका कागदावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'जेवणानंतर'.

"आता डोकं हलवू नकोस," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यात वाईट. डोकं हललं की आतलं पाणी आणखी ढवळतं. एका जागी बघ. अंगाला काय वाटतं ते वाटू दे. ते जातं. वेळ लागतो पण जातं."

"तुम्हाला रोज असं होतं?"

"रोज सकाळी. आता तू विमान बघ."

कप्तानबाईंनी विमान बघितलं. वळणदर्शक, वेग, उंची, पुन्हा वळणदर्शक. मग रेडिओवरून शहराच्या विमानतळावरच्या मनोऱ्याला सांगितलं: पंप गेला, क्षितिज गेलं, दिशेची तबकडी गेली, मी मागे फिरते. पलीकडच्या कंट्रोलरनं एकही फालतू प्रश्न विचारला नाही. "तुमच्या दक्षिणेला मैदानावर सगळं मोकळं आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांना बाजूला ठेवतो. सगळं आकाश तुमचं."

मागे फिरायचं म्हणजे उत्तरेचं तोंड दक्षिणेला करायचं. एरवी ते पोरखेळ. पण आता दिशा दाखवायला फक्त डबीतला म्हातारा उरला होता, आणि वळताना त्याच्यावर विसंबता येत नाही. विमान कललं की त्याची चकतीही कलते, आणि जमिनीतल्या चुंबकाची ओढ तिला भलतीकडे फिरवते. यावर एक जुना उपाय आहे. वळणदर्शकातल्या विमानाचा पंख खुणेच्या रेघेला लावायचा आणि तसाच धरून ठेवायचा, म्हणजे एका मिनिटात बरोबर अर्धं वर्तुळ होतं. पण त्यासाठी घड्याळ लागतं. पॅनेलवरचं घड्याळ कधीचं बंद होतं, कुणी मनावर घेतलं नव्हतं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं तर मान खाली घालायला हवी.

"आई, तुमच्या अंदाजानं एक मिनिट मोजाल? अगदी नेमकं हवं."

"घड्याळ कशाला हवंय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "सुरू कर म्हण."

"डावीकडे वळतोय. करा सुरू."

पांढऱ्या विमानाचा डावा पंख रेघेला टेकला. हेडफोनमधून एकसारखे आकडे यायला लागले. ना घाई, ना ओढाताण. सात, आठ, नऊ. मध्येच सासूबाई त्याच लयीत म्हणाल्या, "हा उलटा फिरतोय, बारा, तेरा."

"फिरू दे. उत्तरेकडून वळताना तो आधी उलटाच जातो. मग वळण मान्य करतो."

"समजलं, सोळा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात किंचित हसू होतं. "असेही एक होते. अठरा."

कप्तानबाईंना हसायला आलं, आणि त्या हसण्यानं मानेतली ताठलेली शीर सुटल्यासारखी झाली. अंग अजून म्हणत होतं की आपण सरळ चाललोय. म्हणू दे. मध्ये एकदोनदा त्यांनी रेडिओवरून मनोऱ्याला 'वळतेय' एवढं कळवलं. पंख रेघेवर. उंची तीच. वेग तोच. पन्नास. पंचावन्न. शेवटच्या आकड्याला त्यांनी सुकाणू सरळ केलं, आणि पांढरं विमान आडवं झालं.

होकायंत्राची चकती दक्षिण ओलांडून पुढे गेली, डुलली, मागे आली, आणि हळूहळू थांबली. दक्षिणेच्या किंचित अलीकडे. म्हणजे झालं होतं. मागे फिरल्या होत्या.

"बरोबर आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर आलं."

त्यानंतरचा वेळ फार लांब वाटला. बाहेर पांढरं, फक्त पांढरं. कप्तानबाईंचे हात पुन्हा एकदा उजवीकडे जायला निघाले, त्यांनी ते जागच्या जागी दाबून धरले. सासूबाईंनी 'जेवणानंतर'चा सुटू पाहणारा कोपरा अंगठ्यानं दाबला. मग पांढऱ्यात करडा रंग मिसळला, करड्यात हिरवा, आणि खाली एकदम, कुणी झाकण काढावं तसं, सगळं जग उघडं पडलं. शेतं. एक कालवा. रस्त्यावर लाल ट्रक. एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी.

आणि खरं क्षितिज. आडवं, लांबच लांब, कशानंही न हलणारं.

ते दिसल्याबरोबर कप्तानबाईंचं अंग गप्प झालं. डावीकडे पडणं जे थांबलं ते थांबलंच. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की माइकमधून तो वादळासारखा ऐकू आला.

"चादरी बघ किती पांढऱ्या आहेत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

विमान उतरलं, धावपट्टीवरून बाजूला आलं, इंजिन थांबलं. दोघी तशाच बसून राहिल्या. मग कप्तानबाई खाली उतरल्या, दुसऱ्या बाजूचं दार उघडायला गेल्या, आणि पंखाला धरून उभ्याच राहिल्या. सासूबाई आपल्या आपण उतरल्या, गवतात चार पावलं चालल्या आणि थबकल्या. कप्तानबाईंना वाटलं, चक्कर आली.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "उभी राहून बघतेय. किती छान स्थिर आहे सगळं."

मग त्या परत आल्या आणि त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. तो काही वेळ तिथेच राहिला.

विमानतळाच्या कँटीनमध्ये दोघींनी काय काय मागवलं ते सांगण्यासारखं नाही. चहा, ब्रेड, आमलेट, पुन्हा चहा, पुन्हा ब्रेड. वाढणारा माणूस दोनदा खात्री करून गेला की ताट दोघींचंच आहे. कंट्रोलर मनोऱ्यावरून खाली उतरून आला. आवाजावरून वाटला त्यापेक्षा तो बराच लहान होता. त्यानं कप्तानबाईंशी हात मिळवला, आणि सासूबाईंशीही. "रेडिओवर मागे कुणीतरी आकडे मोजत होतं," तो म्हणाला. "बोलताना मध्ये मध्ये ऐकू येत होतं. मला वाटलं तुमच्याकडे काही नवीन यंत्र आहे."

"बरंच जुनं आहे," सासूबाई म्हणाल्या आणि ब्रेडला लोणी लावत राहिल्या.

घरी फोन करायचा होता. नवऱ्यानं पहिल्या रिंगलाच उचलला. "कुठे आहात? केव्हाच विमानतळावर जाऊन आलो. कुणी धड सांगेना."

"शहरातच आहोत. परत आलो. पंप बिघडला. आम्ही ठीक आहोत, दोघीही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई कुठे आहे?"

सासूबाईंनी रिसीव्हर घेतला. "अरे रडतोस काय, जेवलास का? फ्रीजमध्ये कालची भाजी आहे. ती संपव आधी." मग त्यांनी आवाज खाली आणला, पण सुनेला ऐकू यायचं ते आलंच. "ऐक. तुझी बायको फार चांगलं चालवते."

विमानतळावरच्या मिस्त्रीनं पंप खोलला तेव्हा कप्तानबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. आपलं काही चुकलं का, ही बोच तोपर्यंत त्यांच्या मनात होतीच. निघताना तो काटा नीट बघितला होता ना? मिस्त्रीनं पंप उलटा केला, आणि त्याच्या तळहातावर काळा चुरा पडला. "आतली पाती," तो म्हणाला. "अशीच जातात, एकदम. सकाळी ठणठणीत, दुपारी चुरा. आधी कळत नाही कुणाला." त्यानं तुटलेला छोटा दांडा दाखवला. "हा तुटण्यासाठीच बनवतात. पंप अडकला की हा तुटतो, म्हणजे इंजिनाला धक्का लागत नाही. सगळं व्हायला हवं तसंच झालं, कप्तानबाई. जायरोंना काही झालेलं नाही. नवा पंप बसवला की पुन्हा भणभणत फिरतील."

त्या एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसल्या. त्यांना थोडं रडू आलं, थोडं हसू आलं. मिस्त्री भला, तो पाना शोधायला निघून गेला.

रात्री दोघी विमानतळाजवळच्या विश्रामगृहात राहिल्या. सकाळी नवा पंप बसला होता, पॅनेलवरचं घड्याळही मिस्त्रीनं आपण होऊन चालू केलं होतं, आणि डोंगरांवर ढगाचा टिपूससुद्धा नव्हता. कंपनीनं सासूबाईंसाठी मोटार देऊ केली.

"मोटार?" सासूबाई म्हणाल्या. "ती सगळी वळणं? मला चक्कर येते."

वर गेल्यावर हवा इतकी शांत होती की इंजिनाचा आवाज नसता तर विमान टांगून ठेवलंय असं वाटलं असतं. डोंगर खाली निळे निळे पसरले होते. सासूबाई कितीतरी वेळ समोरच्या दुसऱ्या सुकाणूकडे बघत होत्या, जे त्यांच्या पुढ्यात आपोआप थोडं थोडं हलत होतं.

"हे धरलं तर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"धरा की. दोन्ही हातांनी, हलकं. लांबचा तो उघडा कडा दिसतोय ना? नाक त्याच्याकडे ठेवा."

सासूबाईंनी धरलं. विमान किंचित डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग सरळ झालं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि नजर कड्यावर ठेवली होती. कप्तानबाईंनी हळूच आपले हात काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. चालू विमानात मांडीवर हात ठेवून बसायची त्यांना अजिबात सवय नव्हती. त्या पुन्हा सुकाणूकडे हात न्यायला निघाल्या.

"राहू दे गं," सासूबाई कड्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तू बाहेर बघ जरा. मी आहे."